केसपेपरवरचा इतिहास

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीची जेवणं आटोपली होती. मी एका कविसंमेलनाची पत्रिका वाचत बसलो होतो. मुलगी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘अब्बा, मेरेकू नर्सिंग करनेका है.’

तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. इतिहास घेऊन बी.ए. झालेली, पुढे एम.ए.ही. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होती. तासाचे पैसे कधी चार महिन्यांनी यायचे, कधी सहा. तरी ‘प्राध्यापक’ हा शब्द होता ना! नातेवाइकांत, मोहल्ल्यात मी तो शब्द मोठ्या अभिमानाने वापरत असे. तो हातचा जाणार, या भीतीने मी काय बोललो ते सांगायला आज संकोच वाटतो. मी म्हणालो, ‘एम.ए. होऊन बेडपॅन उचलणार?’

ती काही बोलली नाही. आत निघून गेली.

आता गंमत पाहा. कष्टकऱ्यांच्या हातांवर कविता लिहून ज्याने टाळ्या घेतल्या, तो हा माणूस. शिवाय मी मिरजेचा. आमच्या गावात मिशनचं हॉस्पिटल १८९४ सालापासून आहे. सतारीचं दुकान, दर्ग्याचा उरूस आणि पांढऱ्या कपड्यांतल्या नर्सबाई, हे तिन्ही बघतच आम्ही लहानाचे मोठे झालो. नर्सबाईंबद्दल आदर होता. पण तो रस्त्याच्या पलीकडून वाटणारा आदर होता. आपल्या घरातली मुलगी तिथे जाणार म्हटल्यावर त्याचा कस लागला.

मी स्वतः साधा बी.ए., पण वाद घालायचा तर पुरावा हवा, एवढं कळत होतं. शिकल्यासवरल्या बायका या कामात टिकत नाहीत, असं इतिहासात कुठंतरी सापडेल आणि मुलीसमोर ठेवता येईल, या हेतूने मी वाचू लागलो. आधी एक पदवी घेतलेल्या माणसाने पुन्हा परिचर्या शिकावी का, हा प्रश्न उघडपणे आणि मोठ्या प्रमाणावर चर्चिला गेला तो अमेरिकेत. त्यामुळे माझा शोध तिकडे गेला. हवं होतं ते सापडलं नाही. दुसरंच काही सापडलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

१९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सैनिकांबरोबर परिचारिका युरोपात पाठवायच्या, तर मागे देशातली रुग्णालयं कुणी सांभाळायची? परिचारिका तयार व्हायला तीन वर्षं लागत. युद्ध तेवढं थांबणार नव्हतं. न्यू यॉर्क राज्यात हडसन नदीकाठी पौकिप्सी नावाचं गाव आहे. तिथे व्हॅसार हे मुलींचं नामांकित महाविद्यालय होतं. त्याच्या माजी विद्यार्थिनी आणि विश्वस्त मिनी कमनॉक ब्लॉजेट यांनी एक कल्पना मांडली. देशात हजारो पदवीधर मुली आहेत. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भाषा, इतिहास असं काही ना काही शिकून त्या घरी बसल्या आहेत किंवा शाळेत शिकवत आहेत. त्यांना अभ्यासाची सवय आहे. उन्हाळ्याच्या सुटीत महाविद्यालय रिकामंच असतं. तिथे बारा आठवड्यांत त्यांना सगळं पुस्तकी शिक्षण देऊ आणि मग थेट रुग्णालयांत पाठवू. रेडक्रॉसने पाठबळ दिलं. २४ जून १९१८ रोजी शिबिर सुरू झालं आणि १३ सप्टेंबरला संपलं. शिबिराचे प्रमुख होते हर्बर्ट मिल्स. ते मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक.

शंभराहून अधिक महाविद्यालयांतून चारशेहून जास्त पदवीधर आल्या. कुणी त्याच वर्षी पदवी घेतलेली, कुणी आठ-दहा वर्षं शाळेत शिकवून आलेली. शरीररचना, जंतुशास्त्र, रसायन, आहार, औषधं, मानसशास्त्र, परिचर्येचा इतिहास, एवढं सगळं त्यांना बारा आठवड्यांत उरकायचं होतं. पुढे दोन वर्षं रुग्णालयात काम, की सव्वादोन वर्षांत परिचारिका. इतरांना तीन वर्षं, यांना सव्वादोन.

इथे थांबून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या काळी अमेरिकेतली बहुतेक रुग्णालयं शिकाऊ मुलींच्या श्रमावर चालत. फरशी पुसण्यापासून रात्रपाळीपर्यंत सारं काम या मुली करीत, आणि त्यालाच शिक्षण म्हणत. त्यातल्या बहुतेकींना महाविद्यालयाची पायरी चढायची संधीच मिळाली नव्हती. पदवी मिळायला आधी घरात पैसा लागतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तेव्हा जिच्याकडे पैसा आणि पदवी आहे तिला सवलत, आणि जिने पहिल्या दिवसापासून बादली उचलली तिला पूर्ण तीन वर्षं, हा न्याय कुठला? हा प्रश्न खोटा नव्हता. पदवीधरांना कामाच्या जागी जो थंडपणा सोसावा लागतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हीच टोचणी असते. मी हे वाचलं तेव्हा मनात म्हटलं, मिळाला पुरावा! पण पुढचं वाचल्यावर तो हातातून निसटला.

कारण शिबिर संपलं आणि त्या मुली वेगवेगळ्या रुग्णालयांत पोचल्या, त्याच शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची जीवघेणी साथ आली. आपल्याकडे मुंबईनेही १९१८ मध्ये ती साथ भोगली. महिन्याभरापूर्वी वहीत जंतूंची चित्रं काढणाऱ्या मुलींसमोर भरलेले वॉर्ड होते. मग ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. ज्या देशभक्तीच्या लाटेवर त्या आल्या होत्या ती ओसरली आणि पुष्कळ जणी घरी परतल्या. हेही खरं. पण ज्या राहिल्या, त्यांना तिथे ठेवणारं कारण आता युद्ध नव्हतं. त्यांना ते काम पटलं होतं.

त्यातल्या एकीचं नाव कॅथरिन डेन्सफर्ड. जन्म १८९०, इंडियाना राज्यातला. तिची बी.ए. १९१४ ची, शिकागो विद्यापीठाची एम.ए. १९१५ ची. शाळेत ती लॅटिन आणि इतिहास शिकवत असे. हो, इतिहास! हे वाचताना मी चष्मा काढून पुसला. ही बाई अठ्ठाविसाव्या वर्षी व्हॅसारच्या शिबिरात दाखल झाली आणि १९२० मध्ये सिनसिनाटीहून परिचारिका होऊन बाहेर पडली. १९३० पासून १९५९ पर्यंत ती मिनेसोटा विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयाची प्रमुख होती. दुसऱ्या महायुद्धात सरकारने खर्च उचलून कॅडेट परिचारिका तयार करण्याची योजना आखली, तेव्हा सर्वाधिक कॅडेट तिच्या विद्यालयाने शिकवल्या. १९४४ ते १९४८ या काळात ती अमेरिकन परिचारिका संघटनेची अध्यक्ष होती. याच काळात, १९४६ मध्ये, संघटनेने पगार आणि कामाचे तास यांसाठी मालकांशी सामूहिक वाटाघाटी करण्याचं धोरण स्वीकारलं. परिचर्या हे पुण्यकर्म आहे, त्याचा मोबदला काय मागायचा, असं म्हणण्याचा तो जमाना. बादली उचलणाऱ्या मुलींचा जो प्रश्न मी मघाशी सांगितला, त्याला हात घालणाऱ्यांत सवलतीने आलेली एक लॅटिनची शिक्षिकाही होती.

दरम्यान १९२३ मध्ये येल विद्यापीठात परिचर्येचं विद्यालय निघालं. रॉकफेलर प्रतिष्ठानने पैसा दिला. ॲनी गुडरिच त्याच्या अधिष्ठाता झाल्या, येलच्या इतिहासातल्या पहिल्या महिला अधिष्ठाता. रुग्णालयाची कामं उरकण्यासाठी विद्यार्थिनींना राबवायचं आणि उरलेल्या वेळात शिकवायचं, ही रीत बदलली पाहिजे, असं त्याच वर्षीच्या गोल्डमार्क अहवालानेही सांगितलं होतं. १९३४ पासून तर येलने नियमच केला, की परिचर्या शिकायला यायचं तर आधीची पदवी हवी. म्हणजे जी गोष्ट मला वाया गेल्यासारखी वाटत होती, ती तिथे प्रवेशाची अट होती.

या दारातून आत आलेली एक मुलगी म्हणजे फ्लॉरेन्स वॉल्ड. १९३८ मध्ये तिने माउंट होलिओक महाविद्यालयातून पदवी घेतली आणि १९४१ मध्ये येलमधून ती परिचारिका झाली. पुढे १९५९ मध्ये त्याच विद्यालयाची अधिष्ठाता. १९६३ मध्ये लंडनहून एक डॉक्टरबाई येलला व्याख्यान द्यायला आल्या. त्यांचं नाव सिसिली साँडर्स.

साँडर्सबाईंचा जन्म २२ जून १९१८ चा, व्हॅसारचं शिबिर सुरू होण्याच्या दोनच दिवस आधीचा. ऑक्सफर्डला त्या राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकत होत्या. युद्ध सुरू झाल्यावर ते अर्ध्यावर सोडून १९४० मध्ये त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचर्या शिकायला गेल्या. १९४४ मध्ये परिचारिका झाल्या, पण पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं. परत येऊन ऑक्सफर्डची राहिलेली पदवी पूर्ण केली आणि रुग्णालयात समाजसेविका म्हणून रुजू झाल्या. तिथे डेव्हिड टास्मा हा पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित त्यांना भेटला. कर्करोगाने तो मरणाच्या दारात होता. त्याचं त्या शहरात कुणी नव्हतं. मरणाऱ्या माणसाला वेदना न होता, सन्मानाने शेवटचे दिवस घालवता येतील अशी जागा असावी, हे दोघांच्या बोलण्यातून निघालं. १९४८ मध्ये तो गेला. जाताना पाचशे पौंड ठेवून गेला, तुमच्या त्या घराला माझ्यातर्फे एक खिडकी म्हणून.

पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. मरणासन्न माणसांसाठीच काम करायचं, असं ठरवल्यावर एका शल्यचिकित्सकाने त्यांना सल्ला दिला, की तुम्ही डॉक्टर व्हा. अशा रुग्णाला डॉक्टरच वाऱ्यावर सोडतात, आणि परिचारिकेचं म्हणणं ते ऐकणार नाहीत. त्यांनी ऐकलं. १९५७ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. सल्ला शहाणपणाचा होता, पण त्यात केवढी मोठी कबुली आहे! रुग्णाच्या उशाशी बसून जे कळतं ते खरं असलं, तरी ते सांगणाऱ्याच्या नावामागे कोणती उपाधी आहे, यावर ते ऐकायचं की नाही हे ठरतं. १९६७ मध्ये साँडर्सबाईंनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस उभं केलं. २००५ मध्ये त्यांचा शेवटही तिथेच झाला.

येलच्या व्याख्यानाने फ्लॉरेन्स वॉल्ड इतक्या हलल्या, की अधिष्ठातापद सोडून त्या हे काम शिकायला लंडनला गेल्या. परत येऊन, सहकाऱ्यांसह, त्यांनी १९७४ मध्ये कनेक्टिकटमध्ये अमेरिकेतलं पहिलं हॉस्पिस सुरू केलं. एकीने अर्थशास्त्राचं पुस्तक मिटून रुग्णाचा हात धरला, दुसरी पदवी घेऊन पुन्हा पहिल्या बाकावर बसली. बरं होणार नाही त्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न या दोघींना गप्प बसू देईना. आज आपल्याकडेही त्या विचाराची फळं आहेत. मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे. १९८६ मध्ये सुरू झालेलं ते भारतातलं पहिलं हॉस्पिस. नंतर त्याची शाखा गोव्यातही निघाली.

अमेरिकेत दुसरी पदवी म्हणून परिचर्या शिकण्याची वाट पुढे रुळली. सेंट लुई विद्यापीठाने १९७१ मध्ये पदवीधरांसाठी वेगळा, कमी मुदतीचा अभ्यासक्रम सुरू केला. येलने १९७४ मध्ये इतर विषयांच्या पदवीधरांना पुन्हा दार उघडलं. १९९० मध्ये असे तीसेक अभ्यासक्रम होते. पुढच्या पंचवीस वर्षांत त्यांची संख्या तीनशेच्या घरात गेली. बँकेतले, शाळेतले, संगणकाच्या कंपनीतले लोक तिथे वर्ष-दीड वर्षात परिचर्या शिकतात. त्यात पुरुषही आहेत.

आपल्याकडे दिल्लीत आणि वेल्लोरला परिचर्येचं पदवी शिक्षण १९४६ मध्येच सुरू झालं. पण आधीच्या पदवीधराने यात यावं, अशी वाट आपण बांधली नाही. तो आला तरी त्याला पहिल्या पायरीपासूनच चढावं लागतं. मात्र, या कामाबद्दलचा समाजाचा अढीपणा मोडायची धडपड आपल्याकडेही झाली आहे. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवलं, तेही साधारण व्हॅसारच्याच काळात. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणार, सोवळंओवळं बुडवणार, अशी टीका त्या काळी होणारच. व्हॅसारच्या बायका पदवी घेऊन आल्या होत्या, सेवासदनच्या कित्येकींना अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागली होती. समाजाच्या नजरेत काम मात्र दोन्हीकडे एकच होतं, दुसऱ्याची घाण काढण्याचं. शंभर वर्षांनी माझ्या तोंडून निघालेलं वाक्य त्याच टीकेचं धाकटं भावंड होतं, हे मला तेव्हा उमगलं.

मुलीने माझ्या संमतीची वाट पाहिली नव्हती. तिच्या अम्मीने बांगड्या मोडून फी भरली होती, हे मला नंतर कळलं. ती तीन वर्षांच्या जीएनएमला बसली. वर्गात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली. त्या तिला आधी ‘मॅडम’ म्हणायच्या, मग ‘आपा’ म्हणू लागल्या. वॉर्डात वेगळाच अनुभव. तिच्याहून चार वर्षांनी लहान असलेली सिस्टर चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही म्हणून सगळ्यांदेखत म्हणाली, ‘एम.ए.ला हे शिकवलं नाही वाटतं?’ त्या रात्री ती घरी येऊन रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा निघाली. त्या सिस्टरचा तिने कधी राग धरला नाही. म्हणायची, ‘अब्बा, कोपरा खरंच वाकडा होता.’ पुढे त्याच सिस्टरने तिला शीर कशी शोधायची ते बोटाला बोट लावून शिकवलं.

नोकरी लागल्यावर तिने मला एक प्रसंग सांगितला. कोयनेच्या खोऱ्यातली एक आजी धाप लागते म्हणून दाखल झाली होती. वय विचारलं तर सांगता येईना. आधी काही मोठं दुखणं झालं होतं का, असं विचारलं की ‘नाही, नाही’ म्हणायची. रात्रपाळीला माझी मुलगी तिच्यापाशी बसली. गप्पांच्या ओघात आजी म्हणाली, ‘भूकंपाच्या साली तेवढी लई आजारी होते बघ. पाठोपाठ घर पडलं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.’ इतिहासाच्या विद्यार्थिनीला साल शोधावं लागलं नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तेव्हा आजी बारा-तेरा वर्षांची. काय झालं होतं? ताप, आणि एकामागून एक सांधे सुजत गेले होते. मुलीने ते सगळं केसपेपरवर लिहिलं आणि सकाळी राउंडच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं. लहानपणीच्या अशा तापाने हृदयाची झडप खराब होऊ शकते. तपासणीत तेच निघालं.

डॉक्टर म्हणाले, ‘सिस्टर, हिस्टरी चांगली घेतलीत.’ रुग्णाच्या पूर्वीच्या दुखण्याच्या माहितीला दवाखान्यात ‘हिस्टरी’ म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. हा प्रसंग सांगताना मुलगी हसत होती. मला मात्र हसू येईना.

त्या डॉक्टरांनी तिचं ऐकलं, हे आजीचं नशीब. साँडर्सबाईंना मिळालेला सल्ला आठवला, की वाटतं, अशी किती आजींची गोष्ट केसपेपरपर्यंत पोचत नसेल! कधी सांगणारीला वेळ नसतो, कारण एका सिस्टरमागे खाटा फार. कधी ऐकणाऱ्याला ती केवळ सिस्टर वाटते. मुलीचा पगार तासिका तत्त्वापेक्षा बरा आहे, एवढंच. रात्रपाळ्या आहेत, पाठ दुखते. हे काम गोड आहे, असं मी सांगणार नाही. पहिली पदवी असली की सगळं सोपं होतं, असंही नाही. उलट आधी काहीतरी असल्याचा ताठा घरी ठेवून यावं लागतं. डेन्सफर्डबाईंनीही लॅटिनचं व्याकरण घरी ठेवून पहिल्या दिवशी चादरच घातली असणार.

पण शिकलेलं वाया जात नाही, एवढं मी माझ्यापुरतं खोडून लिहिलं आहे. ते कधी कामाला येईल, सांगता येत नाही. एखाद्या रात्री, एखाद्या आजीच्या उशाशी येतं. अट एकच, तिथे बसायची तयारी हवी.

गेल्या रमजानमध्ये तिची रात्रपाळी होती. पहाटे सहरीच्या वेळी मी डबा घेऊन गेलो. ती वॉर्डात होती, म्हणून बाकावर थांबलो. काचेतून दिसत होतं. एका म्हाताऱ्याला कुशीवर वळवून ती त्याची पाठ पुसत होती. मग वाकून तिने भांडं उचललं आणि झाकून घेऊन गेली. पाच वर्षांपूर्वी मी ज्या कामाचं नाव घेऊन तिला हिणवलं होतं, तेच ते काम. हात धुऊन ती बाहेर आली, घड्याळाकडे पाहून म्हणाली, ‘अब्बा, दहाच मिनिटं आहेत.’ मी डबा उघडला. माफी मागायची मनात होती. ती जेवत होती, म्हणून म्हटलं, आधी जेवू दे. आज या भाषणाच्या निमित्ताने ती मागून घेतो.